तासातासाला सिस्टर येतात, त्या कशासाठी?

वॉर्डात सिस्टरांचा तासाचा राउंड सुरू झाल्यापासून नातेवाईक तेच तेच विचारतात. तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून उत्तरं देते.

आई रात्री जेमतेम डोळा लावते, तेवढ्यात सिस्टर येतात. नको म्हणता येईल का? (कोथरूड)

झोपलेल्या पेशंटला उगाच उठवत नाहीत. श्वास, सलाईन, खाटेचा कठडा बघून जातात. रात्री बहुधा दोन तासांनी. कूस बदलायची असेल तर मात्र हलवावंच लागतं. ड्युटीवरच्या सिस्टरांशी बोलून घ्या.

उशाशी बेल आहे, मग राउंड कशाला? बिल वाढवायला? (हडपसर)

वेगळे पैसे लावले असतील तर बिलिंगला जाब विचारा. पण बेल वाजवायची भीड पडते, त्याचं काय? ‘सिस्टर कामात आहेत’ म्हणत आजोबा एकटेच बाथरूमला निघतात आणि पडतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात तासाच्या राउंडने बेल कमी वाजल्या, पडणंही कमी झालं.

वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. माकडहाडावर लाल डाग आहे. शेजारी म्हणतात, स्पिरिट-पावडर चोळा. दुकानदार म्हणतो, हवेची गादी घ्या, कूस बदलावी लागणार नाही. (सदाशिव पेठ)

चोळू नका! दबलेल्या जागेचं मांस आधीच नाजूक झालेलं असतं, चोळून ते आणखी दुखावतं. बोटाने हलकं दाबून बघा. दाबूनही लालच राहिलं तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे गरम, कडक किंवा दुखरं लागतं का ते बघा. गादीची मदत होते, पण कूस बदलायची नाही हे दुकानदाराचं बोलणं साफ खोटं आहे. मात्र खुब्याचं ऑपरेशन आहे, तुमच्या मनाने वळवू नका. कसं वळवायचं ते सर्जन आणि सिस्टरांकडून शिका. आणि डाग आत्ता दाखवा, उद्याच्या डॉक्टरांच्या राउंडपर्यंत थांबू नका.

राउंड खरा होतोय का, यावरही लक्ष ठेवा. एका हॉस्पिटलात पहाटे सहाला चार्ट उघडला, तर रात्रभराच्या खुणा एकाच पेनाने, एका दमात केलेल्या. त्या आजींच्या कमरेखालची चादर ओलीचिंब होती आणि टाच काळीनिळी पडलेली. असं दिसलं तर मेट्रनना गाठा.

पेशंटजवळ नर्सिंग ब्युरोची बाई ठेवलीय. राउंड नाही झाला तर चालेल? (वडगाव शेरी)

नाही. ब्युरो ‘नर्स’ म्हणून पाठवत असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मागा. ती नसेल तर त्या सोबतीला आहेत. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंगला हात लावू देऊ नका.