गोळी लहान, खर्च तेवढाच

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा काका म्हणून वाचला आणि ऊर भरून आला. पुण्याहून आलेली मुलगी कनेक्टिकटमध्ये बसून कुठलं जुनं रिव्हॉल्व्हर पुन्हा बाजारात आणावं याचा विचार करते आहे! दुसऱ्यांदा मात्र आयुष्यभर मशीन शॉपमध्ये जॉब, म्हणजे बंदुकीचे सुटे भाग, मोजलेला माणूस म्हणून वाचला. हे पत्र त्या दुसऱ्या वाचनाचं आहे.

तुझा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: कोल्टचं पायथन परत आलं आणि चाललं, मग कोल्टचं डायमंडबॅक, स्मिथ अँड वेसनचं के-32 अशी नाजूक मॉडेलंही .22 आणि .32 या लहान कॅलिबरांत, म्हणजे बारीक गोळीच्या मापांत, चालतील. पायथन का चाललं ते आधी बघ. 1955 सालचं ते मॉडेल कोल्टनं 2020 मध्ये नव्यानं आणलं, तेव्हा छापील किंमत 1,499 डॉलर होती. लोकांनी ती मोजली, कारण नावाबरोबर .357 मॅग्नमची ताकद हातात येत होती आणि रोजच्या सरावाला त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .38 स्पेशल ही सौम्य गोळी चालत होती. आठवणीसाठी घेतलेली वस्तू वापरातही राहिली. कॅलिबर लहान केलंस की नाव तेच राहतं, पण हे दुसरं कारण हातातून निसटतं.

आता खर्चाचं बोलू. तू .22 चा उत्पादनखर्च .38 पेक्षा कमी धरला आहेस. हे कुठून आलं? काडतूस स्वस्त असतं, रिव्हॉल्व्हर नाही. फ्रेम तीच, फोर्जिंग तेच, मशीनवरचा वेळ तोच. उलट त्याच फ्रेममध्ये भोकं लहान पडली की पोलाद जास्त उरतं आणि वजन वाढतं. .22 च्या गिऱ्हाइकाला आज दहा गोळ्या हव्या असतात. घर म्हणजे सिलिंडरमधली एकेक काडतूस बसायची जागा. सहा घरांच्या सिलिंडरला सहा घरं, ती अडवणाऱ्या सहा खाचा आणि मागे त्याला फिरवणाऱ्या रॅचेटचे सहा दात, म्हणजे अठरा जागा जुळवाव्या लागतात. दहा घरांना त्या तीस होतात, आणि एका घरावरून पुढच्यावर जाण्याचं इंडेक्सिंग साठ अंशांऐवजी छत्तीस अंशांचं येतं. एका वर्षी आमच्या शॉपमधून अशा दहा घरांच्या सिलिंडरची अख्खी लॉट परत आली होती. नऊ घरं नळीसमोर बरोबर यायची, दहावं केसभर बाजूला. जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा एक डॉवेल, म्हणजे खुंटी, झिजला होता आणि तो तपासायची जबाबदारी माझी होती. त्या आठवड्यात मी घरी नीट जेवलो नाही. म्हणून सांगतो, रिजेक्शनसाठी तू जी एक ओळ ठेवली आहेस तिला वेगळं पान दे.

गेल्या शनिवारी माझं जुनं मॉडेल 17, म्हणजे स्मिथ अँड वेसनचं .22 चं के-22, बाहेर काढलं. रेंजवर शंभरेक गोळ्या झाल्यावर घरांच्या तोंडाशी करडं, चिकट कडं जमलं. नवं काडतूस अंगठ्यानं रेटून बसवावं लागलं, आणि रिकामी पितळी टरफलं काढताना ती बाहेर ढकलणाऱ्या दांड्यावर तळहात मारावा लागला. .22 ची शिशाची गोळी बाहेरून मेण लावलेली असते, त्यामुळे हे व्हायचंच. शिवाय .22 हे रिमफायर, त्याला कडेवर ठोका जोरात लागतो, म्हणून डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा उठवून सोडणारा, चाप जड ठेवावा लागतो. ज्या गिऱ्हाइकाला पायथनचा मऊ चाप आठवतो, तो दुकानात त्याचं छोटं भावंड म्हणून हे हातात घेईल, चाप ओढेल आणि परत ठेवेल. हे तुझ्या आराखड्यात कुठेच नाही.

त्याच काउंटरवर शेजारी काय ठेवलेलं असतं? रुगरचं रँगलर. 2019 मध्ये ते 249 डॉलरला आलं, .22 चंच. त्याला जुन्या निळ्या पॉलिशची झळाळी नाही, सिंगल ॲक्शन आहे, म्हणजे दर वेळी घोडा हातानं ओढावा लागतो, पण रविवारी मुलाला डबे पाडायला शिकवणाऱ्या बापाला तेवढं पुरतं. तुला त्या बापाकडून पाचपट पैसे मागायचे आहेत.

.32 ची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, आणि तिथेच तू सर्वांत मोठी चूक केली आहेस. के-32 मास्टरपीसला, म्हणजे मॉडेल 16 ला, आज संग्राहक किती मोजतात याचा तक्ता तू लावला आहेस. पण ते दुर्मीळ का आहे? सत्तेचाळीसपासून पुढच्या पंचवीसेक वर्षांत ते चार हजारांच्या आतच बनलं. त्याच फ्रेमची .22 आणि .38 मधली भावंडं, के-22 आणि के-38, घेणाऱ्यांनी मधल्या भावाकडे पाठ फिरवली. पुढे 1990 च्या आसपास स्मिथ अँड वेसननं ते .32 एच अँड आर मॅग्नम या जास्त ताकदीच्या काडतुसात परत आणलं आणि काही वर्षांत पुन्हा बंद केलं. आजची चढी किंमत हा त्या वेळच्या नकाराचा पुरावा आहे. नवीन दहा हजार नग आले की ती दुर्मिळताच राहत नाही.

काडतुसाचाही प्रश्न आहेच. .22 ची पन्नास काडतुसं येतात तेवढ्या पैशांत .32 लाँगची, म्हणजे मूळ के-32 च्या काडतुसाची, दहाही येत नाहीत. युरोपात .32 लाँग जिवंत आहे ती सेंटरफायर, म्हणजे मध्यभागी ठोका लागणाऱ्या काडतुसांच्या, नेमबाजी स्पर्धांमुळे, पण तिथे हातात पिस्तूल असतं, रिव्हॉल्व्हर नाही.

भारतातल्या .32 च्या मागणीचा आधार तू घेतला आहेस, तो काढून टाक. तिथे सामान्य परवानाधारकाला .38 आणि 9 मिमी बंद आहेत, म्हणून .32 चालते. कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर 2014 मध्ये 1 लाख 22 हजार रुपयांना आलं, 2023 मध्ये प्रबल रिव्हॉल्व्हर आलं, जुन्या ब्रिटिश वेब्लीचं नाव उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं परतलं. ही सगळी बाजारपेठ कायद्याच्या कुंपणात वाढलेली आहे. तिथला आकडा कनेक्टिकटच्या गिऱ्हाइकाला लागू होत नाही.

मग काहीच करू नये का? करावं, पण वाट बदलून. कोल्टनं 2022 मध्ये .22 चं किंग कोब्रा टार्गेट आणलं, पण त्याआधी 2019 मध्ये .357 चं किंग कोब्रा बाजारात बसवलं होतं. मोठ्या भावानं फ्रेमचा खर्च उचलला, मग धाकटा आला. .32 चं म्हणशील तर 2024 मधलं स्मिथचं 432 अल्टिमेट कॅरी बघ. त्यांनी आठवणी विकल्या नाहीत. छोट्या फ्रेममध्ये पाचच्या जागी सहा गोळ्या, कमी झटका आणि नेम धरायला चांगली साइट दिली. ज्यांच्या मनगटात .38 चा झटका सोसायचं बळ उरलेलं नाही अशा माझ्या वयाच्या माणसांना ते पटतं. मलाही पटलं.

तुझ्या यादीतलं डायमंडबॅक मला मनापासून आवडतं, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मतावर विसंबू नकोस. ते आणायचंच असेल तर आधी .38 मध्ये आण, कोब्राची आजची फ्रेम त्याला चालते का ते डिझाइनवाल्यांना विचार, आणि .22 ला दोन वर्षं थांबव.

येत्या शनिवारी घरी ये. काकूनं थालीपीठ करायचं कबूल केलं आहे. येताना दहा घरांच्या सिलिंडरचे इंडेक्सिंगचे खरे आकडे घेऊन ये, अंदाज नकोत. आणि दोन डीलरांना फोन करून एवढंच विचार, की मागच्या वर्षी .32 मागायला आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत किती वेळा गेलं.

तुझा,
काका