भारतातली टीम आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये कशी जाते, कोण ठरवतं?

हे सगळं एएफसी ठरवते, आशियाई फुटबॉलची संघटना, १९५४ ची, ऑफिस क्वालालंपूरला. कुठल्या देशाला किती जागा द्यायच्या हे त्या देशातल्या क्लबांनी आधीच्या सीझन्समध्ये आशियात काय केलं त्यावर ठरतं, म्हणून सौदी-जपानला भरपूर आणि आपल्याला कमी. आणि नुसतं जिंकून भागत नाही हां, क्लब लायसन्सपण लागतं, म्हणजे स्टेडियम, पैशांचा हिशोब, युथ टीम वगैरे. २०२४ पासून तीन लेव्हल आहेत, वर एलिट, मग चॅम्पियन्स लीग टू, खाली चॅलेंज लीग. एफसी गोवानेच बघा, २०२५ मध्ये भारतातला सुपर कप जिंकला, मग गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर ओमानच्या अल सीब क्लबला हरवलं तेव्हा कुठे चॅम्पियन्स लीग टू मध्ये एन्ट्री, आणि पुढे सौदीची अल नस्र टीम गोव्यात येऊन खेळली, मला तर अजून भारी वाटतं!