३५ हजारांत रोडकिंग चालू होईल, चकाचक होणार नाही

तुम्ही विचारलंय की वडील गेल्यावर त्यांची १९८६ची येझदी रोडकिंग मोटरसायकल खारेगावच्या सोसायटीत १४ वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे, हातात ३५ हजार आहेत, तेवढ्यात ती रस्त्यावर येईल का? आणि चेअरमन ‘हे भंगार हलवा’ म्हणून मागे लागलेत, तर आधी रंग काढून घेतला तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, आणि हे ‘नाही’ मला ११ हजारांना पडलंय.

मी कळव्यात राहतो, रबाळ्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. काकांची १९८४ची रोडकिंग २०२२मध्ये माझ्याकडे आली. चार किकमध्ये धूर सोडत चालू झाली, म्हणून इंजिन ठणठणीत असं मी ठरवून टाकलं. कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलला आणि उरलेला सगळा जोर दिसण्यावर लावला. टाकी आणि मडगार्डला मरून रंग, चेसिसला पावडर कोटिंग, हँडल आणि सायलेन्सरला नवं क्रोम. सोसायटीतले लोक फोटो काढायला यायचे. तिसऱ्या रविवारी घोडबंदर रोडने निघालो आणि गायमुखच्या चढावर इंजिनचा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा झाला. गिअर उतरवेपर्यंत मागचं चाक जाम. पिस्टन बोअरला, म्हणजे तो ज्या नळकांड्यात वर-खाली होतो त्याला, चिकटला होता. टेम्पोत घालून गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी नव्याकोऱ्या चेसिसमधून इंजिन उतरवताना पाना सटकून रंगाचे पोपडे काढले, ते वेगळंच.

असं का झालं, ते समजून घेतलंत तर तुमचे पैसे कुठे जायला हवेत ते आपोआप कळेल. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या डब्यात, ओढलं जातं आणि तिथून वर बोअरमध्ये ढकललं जातं. म्हणजे खालचा डबा हवाबंद असायलाच हवा. तो हवाबंद ठेवतात क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंची रबरी ऑइल सील. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ही सील सुकून कडक होतात. मग मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूने बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि ऑइल दोन्ही कमी पडतं, पिस्टन तापून फुगतो आणि धरतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटा प्रकार. इंजिन गिअरचं ऑइल पितं, खाली थेंब सांडत नाही तरी ऑइल कमी होत राहतं आणि मागे पांढऱ्या धुराचे लोट निघतात. माझी गाडी चालू होताना जो धूर सोडत होती, तो हेच सांगत होता. मी त्याचाही फोटो काढून काकांना पाठवला होता.

ही सील दोनचारशे रुपयांची वस्तू आहे. पण ती बदलायला इंजिन पूर्ण खोलून क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात. त्यामुळे मेकॅनिक ‘हाफ इंजिन करू, पुरे होईल’ म्हणेल, म्हणजे फक्त वरचा भाग खोलायचा, क्रँककेस नाही. १४ वर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकला हाफ इंजिन पुरत नाही. फुलच करा.

पण पाना हातात घेण्याआधी कागद बघा. १९८६ची गाडी म्हणजे नंबर एमएच सुरू होण्याआधीचा. आरसी हाताने लिहिलेलं पुस्तक असेल आणि ऑनलाइन ‘वाहन’मध्ये नोंद नसण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर आरटीओत आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या पुस्तकाची ऑनलाइन नोंद, करून घ्यावी लागते. वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर करायला फॉर्म ३१ (वारसासाठीचा तोच, २९-३० विक्रीचे). मूळ नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २००१लाच संपली. वडिलांनी पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण केलं होतं का, ते पुस्तकात बघा. आता फॉर्म २५ भरायचा. २० वर्षांपुढच्या दुचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५पासून २,००० रुपये झालीय, पण खरी धास्ती उशिराच्या दंडाची. तो दुचाकीला महिन्याला ३०० रुपये आहे. सगळी १४ वर्षं धरली तर ५०,४०० होतात, म्हणजे तुमच्या अख्ख्या बजेटच्या वर. कुठल्या तारखेपासून धरतात ते काउंटरवर विचारून घ्या आणि मगच एक तरी नट सैल करा. पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट यांचा खर्चही यातच धरा.

‘विंटेज नंबर काढू, सुटू’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. २०२१च्या नियमांप्रमाणे गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, नव्या नोंदणीची फी २० हजार आहे आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुमची रोडकिंग २०३६पर्यंत सरकारदरबारी फक्त ‘जुनी’ आहे.

आणखी एक, कागदांचंच. चेसिस नंबर हँडलखाली, गळ्यापाशी असतो आणि तपासणीत त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात. माझ्या पावडर कोटिंगवाल्याने आधी सँडब्लास्ट मारून मग त्यावर जाड थर चढवला. छापात सहा आहे की आठ, ते साहेबांना कळेना. दोन फेऱ्या आणि अर्धा दिवस पॉलिश पेपर घासण्यात गेला. तुम्ही गाडीला हात लावायच्या आधी त्या नंबरचे फोटो काढून ठेवा आणि नंतर कधी रंग दिलात तर तेवढी जागा टेप लावून झाका.

आता इंजिन. उत्साहाच्या भरात किक मारू नका. प्लग काढा, भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) आणि थोडं डिझेल सोडा, दोन दिवस राहू द्या. मग किक हाताने दाबून बघा. (येझदीत किक आणि गिअर एकाच दांडीवर, हे तुम्हाला माहीत असेल. नव्या मेकॅनिकला माहीत नसतं, आणि तो किकची दांडी शोधत बसतो तेव्हा करमणूक होते.) फिरली तर उत्तम. नाही फिरली तर हातोडी घेऊ नका, आणखी आठवडा भिजू द्या.

इंजिन उतरवून घरात न्या. यात चेअरमनचाही प्रश्न सुटतो, कारण पार्किंगमध्ये पसारा दिसत नाही. माझं इंजिन दोन महिने गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी होतं. बायकोने अट एकच घातली होती, रॉकेलचा वास आत आला तर इंजिनासकट बाहेर. खोलताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा आणि नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. क्लच आणि मॅग्नेट काढायला पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायची हत्यारं, लागतात. स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडीने उपटायला गेलात तर आटे जातील आणि मग वाचवलेले पाचशे रुपये पाच हजारांना पडतील. एखादा नट हलत नसेल तर जोर लावण्याआधी तो उलट्या आट्यांचा तर नाही ना, हे बघा.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून खेळ लागतोय का पाहा. लागत असेल तर रॉड किट घालून क्रँक प्रेसवर जोडावा लागतो आणि नंतर सरळ आहे का ते डायल गेजवर (बारीक फरक दाखवणाऱ्या सुईच्या मापकावर) तपासावं लागतं. वागळे इस्टेटमध्ये लेथवाले भरपूर आहेत, पण डायल लावून दाखवणारा शोधा. सुई ०.०३ मिमीच्या आत फिरली पाहिजे. ‘अंदाजाने बरोबर आहे’ म्हणणाऱ्याकडे क्रँक सोडू नका, माझा पहिला क्रँक अशाच एकाने परत केला होता आणि गेजवर तो पाचपट बाहेर निघाला. मूळ बोअर ६५ मिमीचा. आधी बोअर मोजून घ्या, ०.२५ मिमीच्या टप्प्यांत कितवा ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन, लागणार ते ठरवा, पिस्टन आधी विकत आणा आणि तो हातात घेऊनच बोअरवाल्याकडे जा. बोअर पिस्टनला मापून करायचा असतो, डब्यावरच्या आकड्याला नाही.

आणि हे काम ऑक्टोबर ते मे या दिवसांत करा. मी जुलैमध्ये नवा बोअर करून आणला, थकलो होतो म्हणून ऑइल न लावताच टेबलावर ठेवला. सकाळी आत तांबूस साय आली होती. खाडीकाठची हवा आहे आपली, एक रात्र पुरते.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि आपल्याकडे ऑपेरा हाउस. गाडी मैसूरची. ती बनवणाऱ्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ला बंद झाला, त्यामुळे जुना कंपनी माल क्वचितच मिळतो आणि महाग मिळतो. इतरांनी नव्याने बनवलेले भाग चालतात, पण सील आणि बेअरिंग नावाजलेल्या कंपनीचीच घ्या. ती मापावर मिळतात, येझदीचं खोकं असायची गरज नाही. जुनं सील घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलात की तोच माल निम्म्या भावात. २०२२पासून जी नवी येझदी येते तिच्या शोरूममध्ये विचारू नका. ती ३३४ सीसीची फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी गाडी. नाव सोडून काही जुळत नाही.

टाकी आतून गंजलेली असणार. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढून तोंड बंद करा, पांढरा व्हिनेगर भरा, दोन दिवस ठेवा, मग खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि लगेच टू-टी ऑइल फिरवून घ्या. व्हिनेगर बाहेरच्या रंगावर सांडू देऊ नका. टाकीला भोक निघालं तर वेल्डिंगला नेताना ती पेट्रोलची आहे हे वेल्डरला सांगा आणि वाफ पूर्ण घालवा, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट फुटते. नळी नवी घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा. मिश्रण मी लिटरभर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल असं धरतो.

वायरिंग तुम्हीच करा. तारा चार रंगांच्या आणा, एक फ्यूज जास्तीचा घाला. ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिमी, त्याला जोडलेला कंडेन्सर नवा. बॅटरी मात्र चांगली हवी. माझ्या गाडीत ती मेली की ठिणगीही मेली, आणि विटाव्याच्या पुलाखाली गुडघाभर पाण्यात हे कळलं.

टायर आणि ब्रेक लायनर यांत काटकसर नको. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो २०००च्या आधीचा, नक्षी कितीही खोल असो, काढून टाका.

माझा दुसऱ्या खेपेचा हिशेब असा होता: रॉड किट, प्रेस आणि बेअरिंग-सील मिळून साडेसहा हजार, पिस्टन-बोअर तीन, क्लच प्लेटा आणि चेन-स्प्रॉकेट साडेतीन, टायर-ट्यूब-लायनर सव्वासहा, बॅटरी-वायरिंग-कॉइल चार, कार्ब्युरेटर किट आणि किरकोळ दोन. पंचवीस हजार दोनशे पन्नास. आज थोडे जास्त धरा. तुमच्याकडे उरतील सात-आठ हजार, ते कागदांना आणि नवीन निघणाऱ्या भानगडीला. भानगड निघतेच. क्रोमला यात जागा नाही. पॉलिश पेपर, रबिंग आणि गंजलेल्या जागी स्प्रे, बस. वडिलांच्या मांडीने टाकीवर जो रंग झिजलाय, त्यावर नवा रंग देण्याची घाई कशाला?

पहिले ५०० किलोमीटर ४५च्या वर नेऊ नका आणि घोडबंदरला तर मुळीच नेऊ नका.

क्लचचा आणि मॅग्नेटचा, दोन्ही पुलर माझ्याकडे आहेत. खारेगावातून कळवा काय दहा मिनिटं, येऊन घेऊन जा. फक्त परत आणून द्या. मागे एकाने नेलेला क्लचचा पुलर आठ महिन्यांनी आला, तोही आटे गेलेला, आणि आता माझ्याकडे आहे तो नवा आहे.