वाचकांचे प्रश्न : बीटलच्या मागच्या चाकाचा ३६ चा नट

प्रश्न : माझ्याकडे १९६६ ची फोक्सवॅगन बीटल १३०० आहे. मागचं ऑइल सील गळून ब्रेक लायनर तेलात भिजलेत. ड्रम काढायचा, पण मधला मोठा नट हलत नाही. अर्धा इंची ड्राइव्हच्या दांड्याचा चौकच (गोटी म्हणजे सॉकेट जिथे बसतं ते चौकोनी टोक) तुटला. मिस्त्री म्हणतात, छिन्नी लावून सोडवू. लावू द्यावी का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : छिन्नी लावू देऊ नका. हा नट खाचांचा आहे. खाचेत छिन्नी मारली की कड मुडपते, मग त्यावर गोटी नीट बसत नाही आणि स्प्लिट पिनही (नट फिरू नये म्हणून खाचेतून घातलेली दोन पायांची पिन) जात नाही. शिवाय प्रत्येक घाव बेअरिंगला बसतो.

तुमचा दांडा तुटला यात नवल नाही. हा नट बसवतानाच ३० किलोग्रॅम-मीटर (२१७ फूट-पाउंड) ताकदीने आवळलेला असतो आणि गंजल्यावर त्याच्या दुप्पट जोर सहज लागतो. अर्धा इंची चौक एवढ्यासाठी नसतो. पाऊण इंची ड्राइव्हची ३६ मिमी गोटी घ्या, सहा कोनी आणि काळी, जाड भिंतीची, इम्पॅक्ट गनवर (धक्के देत नट फिरवणारं यंत्र) चालणारी. खाचांमुळे नटाच्या सपाट बाजू आधीच तोकड्या असतात. बारा कोनी गोटी तिथे कोपरे खाते. दुकानदार १ ७/१६ इंचाची गोटी ‘चालेल’ म्हणून देईल, पण ती साडेछत्तीस मिमी भरते. एवढ्या जोराला अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई नट गोल करते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत गोटी घेताना जमलं तर जुना नट सोबत नेऊन बसवून पाहा. गोटीबरोबर पाऊण इंची सरकता दांडा आणि त्यावर चढणारा जाड भिंतीचा दीड मीटर लोखंडी पाइप लागेल.

गाडी चारही चाकांवर जमिनीवरच ठेवा. जॅकवरच्या गाडीला एवढा जोर लावला तर ती घसरते. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाची टोपी काढली की नट समोर दिसतो. स्प्लिट पिनचे पाय सरळ करून ती डोक्याकडून उपसा. तुकडा अडकला तर बारीक सुंभ्याने (पंच) ठोकून काढा, कारण पिन आत राहिली की आटे (थ्रेड) जातात. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री घाला.

दोन्ही बाजूंचे आटे सुलटे आहेत, म्हणजे नट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. चाकाकडे तोंड करून दांडा डावीकडे आडवा ठेवा आणि खाली दाबा. बहुतेक जण इथे एक गोष्ट विसरतात: गोटीजवळ दांड्याखाली घोडी (गाडीखाली लावायचा स्टँड) किंवा ठोकळा द्या. आधार नसला की गोटी तिरकी होते आणि नटावरून निसटते. गॅसने नट लाल करू नका, मागेच रबरी सील आहे. इम्पॅक्ट गन सोडवायला चालेल, आवळायला नको, कारण किती आवळलं ते कळत नाही.

नट सुटला तरी लगेच काढू नका. दोन-तीन आट्यांवर राहू द्या, मग गाडी उचलून घोडीवर घ्या, चाक काढा, हँडब्रेक सोडा आणि ब्रेक शू सैल करा. ड्रम अडकला असेल तर चाकाच्या बोल्टच्या भोकांत धरणारा पुलर लावा. कडेला धरून ओढलेला ड्रम वाकतो किंवा तडकतो.

प्रश्न : परत आवळायला एवढा मोठा टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) कुठून आणायचा? आणि पिनचं भोक जुळलं नाही तर?

उत्तर : टॉर्क पाना मिळाला तर उत्तमच. नसेल तर वजनकाटा आणि टेप पुरेसे आहेत. गाडी पुन्हा जमिनीवर घ्या, दांडा उजवीकडे अगदी आडवा ठेवा आणि गोटीच्या मध्यापासून माप घ्या. ७५ किलोच्या माणसाने ४० सेंटिमीटरवर, ६० किलोच्याने ५० सेंटिमीटरवर पूर्ण वजन टाकलं की ३० किलोग्रॅम-मीटर भरतात. हळू उभं राहायचं, उडी मारायची नाही. गोटीखालचा आधार आताही हवाच.

भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. जुळवण्यासाठी सैल करणं ही यातली सर्वांत महागडी चूक आहे. सैल नटावर ड्रमचे आतले दाते शाफ्टवर खेळतात आणि झिजतात. गाडी सुटताना, ब्रेक मारताना ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. दाते पूर्ण गेले की शाफ्ट फिरतो, चाक फिरत नाही, आणि त्या चाकाचा ब्रेक मात्र लागतो, त्यामुळे बिघाड गिअरबॉक्सचा वाटून भलतंच उघडलं जातं. असा आवाज आधीपासून येत असेल तर ड्रम काढल्यावर दाते बोटाने चाचपा. धारदार, एका बाजूला कललेले लागले तर ड्रम बदला.

पिन दर वेळी नवीनच घाला.