सोळा इंचांचा पाया आणि फोमचे बोर्ड

कोल्हापुरातून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसला घरबांधणीच्या साइटवर सुपरवायझर म्हणून निघालाय. कंपनीने पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये फूटिंग, म्हणजे पायाचा तळाचा रुंद भाग, जेमतेम 16 इंच खोल आणि बाहेरून फोमचे बोर्ड. हे चुकलंय का, असं तुम्ही विचारलंय. ड्रॉइंग बरोबर आहे, पण का बरोबर आहे ते समजून मगच साइटवर उभे राहा.

आपल्याकडे धास्ती काळ्या मातीची. पाणी प्याली की फुगते, म्हणून ती काढून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मिनेसोटात पाया उचलतो तो बर्फ. पाणी गोठताना नऊएक टक्के फुगतं, तेवढ्याने फार बिघडत नाही. पण गाळवट बारीक माती खालून पाणी ओढत राहते, बर्फाचे थर एकावर एक वाढतात आणि फूटिंग वर ढकलतात. म्हणून दक्षिण मिनेसोटात साधं फूटिंग 42 इंच, उत्तरेत 60 इंच खाली न्यावं लागतं.

तुमच्या ड्रॉइंगमध्ये खोलीऐवजी घराची ऊब वापरलीय. ती जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबमधून खाली मातीत उतरते, बोर्ड तिला बाहेर निसटू देत नाहीत आणि फूटिंगखालची माती गोठत नाही. अट एकच: घर बारमाही गरम हवं, महिन्याची सरासरी किमान 64 अंश फॅरनहाइट. तिथल्या निवासी बांधकाम कोडच्या आर 403.3 कलमात गोठण निर्देशांकाप्रमाणे (हिवाळा किती कडक आणि लांब ते सांगणारा आकडा) तक्ता आहे. त्यातला बोर्डाचा आर म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद. निर्देशांक 3000 असेल तर पायाला बाहेरून लावलेल्या उभ्या बोर्डाला आर 7.8, जमिनीत बाहेरच्या बाजूला पसरलेल्या आडव्याला भिंतीलगत 6.5 आणि कोपऱ्यात 8.6. आडवा पट्टा भिंतीलगत 12 इंच रुंद. कोपऱ्यात तो 24 इंच रुंद होतो, 40 इंच लांबीपर्यंत. कोपऱ्यातून ऊब दोन्ही बाजूंनी जाते, म्हणून तिथे जास्त. भिंतीला पुरलेली जाडी कोपऱ्यालाही पुरेल असं धरून चालू नका.

बोर्ड एक्सपीएसचा, म्हणजे घट्ट दाबून काढलेल्या फोमचा घ्या. पॅकिंगचा पांढरा थर्माकोल इथे चालत नाही, तो पाणी धरतो. आडव्या बोर्डाखाली खडीचा थर द्या आणि त्यातलं पाणी बाहेर निघायची वाट ठेवा. पाणी साचलं तर वरचा फोम फुकट. सांध्यात बोट शिरत असेल तर तो बोर्ड काढून परत बसवा, तेवढ्या फटीतून गारठा थेट फूटिंगपर्यंत पोचतो. भरावात दगड नकोत; टोकदार दगड दाबाने फोममध्ये रुततो. जमिनीच्या वर दिसणारा भाग उन्हाने पिवळा पडतो, त्याची पूड सुटते. त्याला आवरण लावा, ते जमिनीखाली 6 इंच न्या.

सगळ्यात जास्त घात पहिल्या हिवाळ्यात होतो. ऑक्टोबरात स्लॅब ओतला जातो, काम लांबतं, घरात हीटिंग नाही, म्हणजे फोमने राखायला ऊबच नाही आणि पाया उचलला जातो. तेव्हा थंडीआधी हीटिंग सुरू होईल असं वेळापत्रक मागा, नाहीतर स्लॅब आणि भोवतीची जमीन इन्सुलेटेड ब्लँकेटने झाका. गोठलेल्या मातीवर काँक्रीट ओतू देऊ नका, ती वितळली की खचते.

गरम नसलेलं गॅरेज किंवा पोर्च याच ड्रॉइंगमध्ये असेल तर त्याचा पाया वेगळा विचारा. त्याला हा तक्ता लागू नाही. एकतर पूर्ण खोली, नाहीतर सबंध स्लॅबखाली सलग फोम.