खचलेला कोबा, मोडायची ठेव आणि हातातले पाच महिने

नाशिकच्या बाहेरच्या भागात रो-हाउसमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घराचा ताबा मिळून चार वर्षे सात महिने झाले. पोर्चचा कोबा घराच्या बाजूने दीड ते दोन इंच खचला आहे, बाजूच्या बोळातली फरशी लाटेसारखी वरखाली झाली आहे आणि मागच्या अंगणात पाणी साचते. तीन दरपत्रके आली आहेत. एका कंपनीने सगळे ५७० चौरस फूट फोडून लोखंडी जाळीसह नवे काँक्रीट आणि वर टाइल्स यासाठी ३,८५,००० रुपये सांगितले. दुसरीने पोर्च व बोळाच्या खाली फोम भरून कोबा उचलून देण्याचे १,७०,००० रुपये सांगितले. ओळखीच्या मिस्त्रीने जुना कोबा काढून, मुरूम दाबून पेव्हर ब्लॉक बसवण्याचा दर चौरस फुटाला १७० रुपये, म्हणजे ९६,९०० रुपये, असा दिला. ताई विचारतात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले १५ लाख मोडून एकदाचे पक्के काम करावे, की मुलगा म्हणतो तसे वैयक्तिक कर्ज घ्यावे? घराच्या विम्यातून काही मिळेल का?

ताई, आपण पाठवलेल्या छायाचित्रांपैकी दोन मी पुन्हा पुन्हा पाहिली. एकात जोते आणि कोबा यांच्यामधल्या फटीत आपण दहा रुपयांचे नाणे उभे धरले आहे आणि ते निम्म्याहून जास्त आत गेले आहे. दुसऱ्यात गच्चीवरून आलेला पाइप नेमका त्याच फटीच्या वर, जमिनीपासून फूटभर उंचीवर संपतो. सल्ल्याची सुरुवात मी या दुसऱ्या छायाचित्रापासून करतो, कारण पैसा कुठून आणायचा हे ठरवण्याआधी तो कशावर घालायचा हे ठरले पाहिजे.

आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया खोदून खालच्या कठीण मुरमापर्यंत नेलेला असतो, म्हणून घर जागेवर राहते. पण पायाच्या चराभोवती परत ढकललेला भराव थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून (ठोकून दाबून) बसवला नसेल, तर पुढच्या काही पावसाळ्यांत तो आपोआप बसतो आणि त्यावरचा कोबा घराच्या बाजूने खाली जातो. त्यात गच्चीचे सगळे पाणी दर पावसात त्याच भरावात सोडले, तर बारीक माती वाहून जाते आणि कोब्याखाली पोकळी तयार होते. लाकडी दांड्याने कोबा ठोकून पाहा. पोकळ जागी आवाज बद्द येईल आणि भरीव जागी टणक येईल. खडूने पोकळ भागाभोवती रेघ ओढून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

यातून आर्थिक निष्कर्ष सरळ निघतो. पाणी वळवल्याशिवाय केलेले कोणतेही काम, मग ते लाखाचे असो वा चार लाखांचे, त्याच भरावावर बसणार आहे. आपल्या मिस्त्रीने गच्चीचा पाइप बंद नळीतून रस्त्याकडच्या गटारापर्यंत नेणे, गळणारे चेंबर दुरुस्त करणे आणि जोत्याची फट भरणे या कामांचे १८,००० रुपये वेगळे सांगितले आहेत. तिन्ही दरपत्रकांत नसलेला हा खर्च माझ्या मते सर्वांत आधीचा आहे आणि तो मृगाचा पाऊस पडण्याआधी झाला पाहिजे.

आता दरपत्रके पाहू. पहिल्याच्या तळाशी ‘जीएसटी वेगळा’ असे बारीक अक्षरात छापले आहे. १८ टक्के कर धरला की आणखी ६९,३०० रुपये होतात आणि काम ४,५४,३०० रुपयांवर जाते. रक्कम बाजूला ठेवली तरी फुगणाऱ्या मातीवर सलग, कडक काँक्रीट घालून वर टाइल्स लावणे मला पटत नाही. माती हलली की ते तडकते आणि दुरुस्तीला पुन्हा सगळे फोडावे लागते. फोमची पद्धत वाईट नाही. पोकळी भरायची असेल, वरचे काँक्रीट जाड आणि अखंड असेल आणि खालची जमीन मुरमाड असेल, तर एका दिवसात काम होऊन पैसे सार्थकी लागतात. परंतु आपला कोबा जेमतेम तीन इंचांचा, जाळी नसलेला आणि आधीच तीन ठिकाणी तडकलेला आहे, त्यामुळे उचलताना तो आणखी फुटण्याचा धोका आहे, आणि फोम भरल्याने काळ्या मातीचे दरवर्षीचे फुगणे-आकसणे थांबत नाही. पेव्हर ब्लॉकचा गुण असा की जमीन पुन्हा थोडी बसली तर तेवढेच ब्लॉक उचलून खाली मुरूम-कच घालून तेच परत बसवता येतात. निवृत्त माणसाच्या पैशाला अशी थोडक्यात आवरणारी दुरुस्तीच मानवते.

मात्र मिस्त्रीकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि यंत्राने दाबून घालायचा; उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दहा फुटांना साधारण अडीच इंच ठेवायचा; आणि एकूण रकमेचा पाचवा हिस्सा एक पावसाळा पार पडल्यावरच द्यायचा. तिसऱ्या अटीला तो कुरकुर करेल, पण खरी परीक्षा पावसातच होते, तेव्हा ती अट सोडू नका.

पत्रात आपण एका ओळीत उरकलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पोर्च आणि बोळाचा कोबा विकासकानेच केला होता आणि प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ (३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील संरचनात्मक दोष किंवा कामाच्या दर्जातील अन्य दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक आहे आणि त्याने तसे न केल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. आपले चार वर्षे सात महिने झाले, म्हणजे हातात पाच महिने आहेत. उत्साहाने आधी कोबा फोडला, तर दोषाचा पुरावा आपल्याच हाताने नाहीसा होईल. म्हणून काही फोडण्यापूर्वी पट्टी आणि लेव्हल धरून, तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढा, पोकळ भागाच्या खडूच्या रेघाही त्यांत येऊ द्या, आणि पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने व ईमेलने विकासकाला लेखी कळवा. फोनवरचे ‘माणूस पाठवतो’ हे उत्तर पुरेसे समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी काहींचे वर्ष अशाच आश्वासनांत गेले आणि मुदत टळली. मागच्या अंगणाचा कोबा आपण नंतर दुसऱ्या गवंड्याकडून करून घेतला आहे, त्याची मागणी विकासकाकडे करू नये. खऱ्या मागणीत अशी एक भर घातली की सगळीच मागणी संशयास्पद ठरते.

विम्याबद्दल मला आशा दाखवता येत नाही. आपली पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित नमुन्याची आहे. तिच्यात घराखालची जमीन खचण्याचा धोका समाविष्ट आहे, पण नव्या बांधकामाचे बसणे, भरावाच्या जमिनीची हालचाल आणि सदोष काम वा साहित्य यांमुळे झालेले नुकसान स्पष्टपणे वगळलेले आहे, आणि आपले प्रकरण नेमके या वगळलेल्या भागात बसते.

आता पैशाकडे वळू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून हवी तेवढीच रक्कम काढता येत नाही. खाते पूर्ण बंद करावे लागते. आपल्या खात्याला अडीच वर्षे झाली आहेत, म्हणून मुदतपूर्व बंद करताना १ टक्का, म्हणजे १५,००० रुपये कापले जातील. त्याहून मोठे नुकसान म्हणजे ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे ३०,७५० रुपये थांबतील. मुलाचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण साडेचार लाखांचे कर्ज १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १५,१६० रुपये बसतो. आपल्या ३८,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनातले शंभरातले चाळीस रुपये त्यात जातील आणि व्याजच सुमारे ९६,००० रुपये भरावे लागेल. एवढ्या व्याजात सगळ्या आवाराचे पेव्हर ब्लॉक जवळजवळ होऊन जातात. दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाला राहत्या घरासाठी वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते ती केवळ जुन्या कर पद्धतीत. आपण नव्या पद्धतीत असल्याने तोही आधार नाही.

म्हणून मी असे सुचवतो. आत्ता बचत खात्यातल्या ७०,००० रुपयांतून पाण्याचे १८,००० रुपयांचे काम करा आणि मुख्य दारापासून फाटकापर्यंतचा चार फूट रुंद, वीस फूट लांब पट्टा पेव्हर ब्लॉकने समतल करून घ्या. त्याचे १३,६०० रुपये होतील. हा पट्टा मी मुद्दाम पुढे आणतो आहे. घरातल्या काकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि वॉकरचा रबरी पाय त्या एक इंचाच्या कडेला अडकतो, असे आपण लिहिले आहे. तिथे पडणे झाले तर होणाऱ्या खर्चापुढे आणि त्रासापुढे वरचे सगळे आकडे किरकोळ ठरतील. छायाचित्रे काढून झाल्यावर आणि विकासकाला पत्र गेल्यावर, त्यात या पट्ट्याच्या तातडीचे कारण नमूद करून, तेवढाच भाग काढा. बाकीचा पोर्च जसाच्या तसा राहू द्या.

उरलेले ४९० चौरस फूट दिवाळीनंतर हाती घ्यावेत, तेव्हा माती ना चिंब ओली असते ना तडकलेली. विकासकाने पोर्च व बोळाचे काम करून दिले, तर आपल्याकडे फक्त मागचे अंगण उरेल, म्हणजे ३४,००० रुपये. त्याने काहीच केले नाही, तर ८३,३०० रुपये लागतील. जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या योजनेच्या व्याजातले निम्मे आपण नेहमी शिल्लक टाकता, ते ३०,७५० रुपये होतील. राहिलेल्या ५२,५५० रुपयांसाठी बँकेतल्या सहा लाखांच्या मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर लागेल तेवढी उचल, घ्या. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के अधिक असतो. आपली ठेव ७ टक्क्यांची आहे, तेव्हा ९ टक्के धरले आणि पूर्ण वर्षभर काहीच फेडले नाही, तरी व्याज ५,००० रुपयांच्या वर जात नाही, शिवाय ठेव चालूच राहते. महारेराकडे तक्रार करायची वेळ आली तर मात्र पोर्च फोडण्याआधी वकिलांना विचारा.

हा सगळा हिशेब घर स्वतः खंबीर आहे, असे धरून केला आहे. पोर्चचा खांब कलला असेल, भिंतींत पायऱ्यांसारखी चढत जाणारी भेग असेल किंवा दारे अलीकडे चौकटीत अडकू लागली असतील, तर वरचे बेत बाजूला ठेवून आधी संरचना अभियंत्याला घर दाखवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा; महिन्याने भेग रेघेपुढे गेली आहे का, हे आपल्यालाच दिसेल. ताबापत्रावरची नेमकी तारीख मला पत्रात सापडली नाही. ती आज पाहून घ्या आणि विकासकाचे पत्र याच आठवड्यात टपालात टाका. मसुदा पाठवलात तर मी तो वाचून देईन.