पेनड्राइव्ह दुसऱ्याला देण्याआधी

आधार-पॅनचे स्कॅन डिलीट केलेत, पण एवढ्यावर तो पेनड्राइव्ह भाच्याला देऊ नका. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरून उडवलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून ती कायमची गेली असं वाटतं. प्रत्यक्षात फक्त यादीतली नोंद पुसली जाते. फॅट३२ मध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत) तर फाइलच्या नावाच्या पहिल्या अक्षराजागी एक खूण होते आणि जागा मोकळी धरली जाते. आतला मजकूर, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तिथंच असतो. फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर तो वर काढू शकतं.

हवं ते आधी दुसरीकडे कॉपी करा. मग ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडा आणि ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढा. सगळी मेख इथंच आहे. खूण काढली की विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण ड्राइव्हवर शून्यं लिहिली जातात. वेळ लागेल, मध्येच ओढून काढू नका. आणि कृपा करून ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा. चुकून बाहेरची हार्डडिस्क पुसली गेली तर घरातले फोटो परत मिळणार नाहीत. शेवटी फोटोरेक चालवून स्वतः खात्री करा.

मॅकवर ट्रॅश रिकामा करेपर्यंत फाइल पेनड्राइव्हवरच लपून राहते.

पूर्ण फॉरमॅट केलं तरीही पेनड्राइव्हच्या फ्लॅश मेमरीची साठवण सांभाळणारा कंट्रोलर काही भाग राखून ठेवतो, तिथं जुना तुकडा उरू शकतो. त्यामुळे बँकेची किंवा दवाखान्याची कागदपत्रं असलेला ड्राइव्ह मी कुणालाच देत नाही, आतली चिप फोडतो. नवा घेतलात की पहिल्याच दिवशी व्हेराक्रिप्ट (ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावणारं सॉफ्टवेअर) लावा.